चित्रासमोरची खुर्ची

चित्र बघावं ते आमच्या मावससासऱ्यांनी. बाकी आपण सगळे नुसते चित्रांसमोरून जातो. हे मी सून म्हणून सांगत नाही. सून म्हणून बोलायला बसले तर वेगळंच काहीतरी निघेल. चित्रकार म्हणून सांगतेय. टाइल्सच्या शोरूमवरच्या हॉलपासून मंगल कार्यालयाच्या गच्चीपर्यंत नाशिकमध्ये जिथे म्हणून खिळा ठोकू दिला, तिथे मी चित्रं टांगली आहेत आणि बघणारेही नाना तऱ्हेचे पाहिले आहेत. फोनमधून बघणारे, आधी किंमत वाचणारे, आपल्या सोफ्याच्या रंगाला शोभेल का ते बघणारे. पण काकांसारखा बघणारा देवाने एकच घडवला आणि तो नेमका आमच्या नात्यात दिला.

काका मूळचे चांदवडचे, कांद्याचे व्यापारी. धंदा मुलाच्या हवाली करून ते आणि मावशी इंदिरानगरात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले, आणि करमेना म्हणून काका एकदा माझ्याबरोबर चित्रांच्या गॅलरीत आले. चपला दाराबाहेर काढल्या. गॅलरीत कोणी चपला काढत नाही, पण त्यांच्या पाहून मागून येणारा बिचकतो आणि आपल्याही काढतो. आता तर आमच्या गॅलरीवाल्या ताईंनी दारात चपलांचं स्टँडच ठेवलंय. आत आले की काका हात पाठीशी बांधून एक फेरी मारतात, देवळाला घालावी तशी. मग प्लॅस्टिकची एक खुर्ची मागून घेतात, कुठल्यातरी एका चित्रासमोर मांडतात, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसतात आणि बसतात. उठतात ते थेट गॅलरी बंद होताना. एका प्रदर्शनात एकच चित्र, बाकीच्यांकडे ढुंकून बघणार नाहीत. एका उद्घाटनाला प्रमुख पाहुणे नेमके काका आणि चित्र यांच्या मधे उभे राहून ‘कलेकडे कसे पाहावे’ या विषयावर बोलू लागले. काकांनी बराच वेळ कळ काढली. मग अगदी नरमाईने म्हणाले, “सायेब, जरा सरकता का? दिसत नाय.” पाहुणे सरकले, भाषणही लवकर आटोपलं, आणि त्या दिवशी अख्ख्या हॉलने काकांना दुवा दिला.

एवढा वेळ बसून हा माणूस बोलत मात्र काहीच नाही. चित्रकार बिचारा घुटमळत जवळ येतो, “काका, कसं वाटलं?” म्हणून विचारतो. काका म्हणतात, “आजून बघून नाय झालं.” संपला विषय. एका चित्रात एवढं असतं तरी काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “सूनबाई, लिलावात ट्रॉलीपुढं उभं राहायचं, मूठभर कांदा उचलायचा, भाव बोलायचा, की लगेच पुढली ट्रॉली. सारा जलम पळता पळता बघितलं. आता बसून बघतो.” मी उठून चहा ठेवला.

जेवायलाही तसेच बसतात. लग्नाच्या पंगतीत जिलबी ताटाच्या कडेला सरकवतात आणि सगळं उरकलं की मग तिला हात लावतात. माझ्या नवऱ्याने लहानपणी, काकांना आवडत नसेल असं समजून, ती कितीदा तरी पळवलेली आहे. काका रागावायचे नाहीत. “शेवटाला ठेवली होती रे,” एवढंच म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे.

होता होता काकांची खुर्ची हेच आमच्या गावातलं मोठं पारितोषिक होऊन बसलं. बक्षिसांनी कपाट भरलेला चित्रकारसुद्धा काका आत शिरले की चुळबुळ करायला लागतो. एका महाभागाने तर आपल्या चित्रासमोर आधीच खुर्ची मांडून ठेवली. काकांनी त्याचे आभार मानले, खुर्ची उचलली आणि समोरच्या भिंतीकडे नेली. आणि माझ्या चित्रासमोर? कधी म्हणजे कधीच नाही. उलट फेरीत माझं चित्र आलं की त्यांची पावलं भरभर पडायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी घरबसल्या अनुभवत होते. वरवर हसायचे, आतून जळफळायचे, आणि त्या आठवड्यात काकांच्या चहात साखर हमखास कमी पडायची. जगाने नाही बघितलं तरी चालेल, या माणसाने एकदा बसून बघावं, एवढंच मला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मुंबईत आर्ट फेअर आहे. ताईंना तिथे पहिल्यांदाच स्टॉल मिळालाय आणि आम्हा नाशिककरांचं एकेक चित्र त्यात जाणार आहे. माझं आहे ते रिकाम्या कांदाचाळीचं, कांदा सडू नये म्हणून पट्ट्यांत फटी ठेवून बांधतात त्या कोठाराचं. कांदा निघून गेलाय, पट्ट्यांच्या फटींतून ऊन आत आलंय, खाली वाळक्या सालींचा थर. ताईंनी माहितीपत्रकात त्याला ‘अनुपस्थितीचा अवकाश’ म्हटलंय. म्हणोत बापड्या. काकांना गुडघ्यांमुळे मुंबई आता झेपत नाही.

काल सकाळी टेम्पो आला. मी गॅलरीत पोचले तर काका आधीच खुर्ची टाकून बसलेले, आणि समोर भिंतीला टेकवलेलं माझं चित्र. पुठ्ठ्यात आणि बबल रॅपमध्ये गच्च बांधलेलं.

“काका, ते बांधलंय,” मी म्हटलं.

“दिसतंय मला.” नजर न हलवता म्हणाले. “याच्यापुढं बसायचं राहून गेलं, सूनबाई. तुझी समदीच शेवटाला ठेवली होती. घरचीच हायेत, कुठं जात्यात म्हणलं. आता ह्ये चाललं. इकलं गेलं तर कुठलं परत यायला?”

 माझे डोळे भरून आले आणि स्वतःचाच रागही आला, त्या साखरेचा. मी कात्री घेतली आणि सगळं पॅकिंग कापून काढलं. ताई “अगं, टेम्पो थांबलाय” म्हणाल्या. टेम्पोवाला बोलवायला आत आला, काकांकडे बघून परत गेला आणि चपला काढून पुन्हा आला. काका बघत होते. मी त्यांच्या मागे उभी राहून माझंच चित्र पहिल्यांदा बघितल्यासारखं बघत होते. किती वेळ गेला ठाऊक नाही. काका हळूच म्हणाले, “हवा खेळतीय चाळीत.” एवढी मोठी दाद त्यांनी आजवर कुणाला दिलेली नाही.

“झालं बघून?” मी विचारलं.

“नाय झालं. पण तू धाड. लोक खोळंबल्यात.”

आम्ही पुन्हा सगळं बांधलं आणि चित्र गेलं. ताई म्हणतात, तुझं नक्की विकलं जाणार बघ. मी हो म्हणते. इतकी वर्षं त्याचीच तर वाट बघितली. पण खरं सांगू, ते परत यावं असं वाटतंय. काकांचं अजून बघून व्हायचंय.