बाकावरची जीप

सुमनताई, गुडघा कसा आहे? बेल्लमपल्लीचे जावईबापू, खोकला थांबला का? यादवभाऊ, साखर आटोक्यात आहे ना?

मी बरा आहे, पण आज दुपारी वर्गात जे घडलं ते तुम्हाला सांगायचंय. उटनूरला कोर्टानं शिक्षा केलेल्या ड्रायव्हरांचा वर्ग मी घेतो, ते तुम्हाला ठाऊकच. नुसते नियम सांगितले की सगळे पेंगतात. म्हणून आज बाकाची जीप केली आणि ब्रेकच्या जागी वीट ठेवली.

"रोजच्यासारखे बसा," म्हटलं.

पुढं चौघे बसले. ड्रायव्हर नार्नूरचा शंकर, आणि आपल्याकडच्या रीतीनं त्याच्याही उजवीकडं एक पॅसेंजर.

"काका, टपावर कोनाला बसवू?" शंकर हसला.

"आधी ब्रेक दाब."

दोन्हीकडच्या गुडघ्यांत त्याचा पाय अडकला. विटेपर्यंत पोचेचना. त्याचं हसू गेलं.

"अपघात झाला त्या दिवशीबी असंच झालं, काका. बाईचा पाय मोडला. अन् मी कोर्टात सांगतलं, ब्रेक फेल झाला."

कोणी विचारलंही नव्हतं हो त्याला. मी जन्मभर बस चालवली, पण एवढी छाती माझी नाही.

जाताना म्हणाला, "तिच्या घरी जाऊन खरं सांगतो. तुमी संगं येता काय?"

सोमवारी जातोय. तिच्यापुढं मी बोलावं, की गप्प बसून त्यालाच बोलू द्यावं? लवकर लिहा.