मागच्या बाजूवरचा श्वास

अन्याय झाला तो एमी-सानवर. त्सुनामीनंतरच्या दुसऱ्या वसंतात, टोकियोतल्या एका रेकॉर्ड कंपनीने तिचं गाणं अल्बममधून कापलं तेव्हा. हे आधी लिहितेय, कारण पुढचं वाचून तुम्ही फक्त भुताबद्दल बोलाल. आणि भूतबीत मी मानत नाही. पुण्यात असताना असल्या थोतांडाविरुद्ध पत्रकं वाटलीत मी!

जमैकाच्या रेगे संगीतात 'रिडिम' असतो, म्हणजे बास गिटार आणि ड्रमची एक ठरलेली चाल. त्याच चालीवर वेगवेगळे गायक आपापली गाणी रेकॉर्ड करतात. तबकडीच्या एका बाजूला गाणं, मागच्या बाजूला नुसता रिडिम... पुढच्या गायकासाठी मोकळा सोडलेला. जमैकातल्या एका जुन्या रिडिमवर एमी जपानीत गायली होती. कोळ्यांच्या बंदरातली मुलगी. ती लाटेत गेली, घरातल्या कॅसेटही गेल्या. उरली ती कंपनीकडची टेप. कंपनीने त्या रिडिमवरच्या सगळ्या गायकांचा अल्बम काढला आणि हिला वगळलं. का? तर "श्रोत्यांना अस्वस्थ वाटेल". वा!

मी तेव्हा क्योतोत पीएचडी करत होते. मोरी-सानच्या रेकॉर्डच्या दुकानात रविवारी दुपारी आम्ही सह्या गोळा करत होतो, टेप तिच्या आईला मिळावी म्हणून. एमीच्या आईही आल्या होत्या. मोरी-साननी जमैकाहून आणलेली त्या रिडिमची मूळ तबकडी त्यांच्यासाठी लावली, मागची बाजू.

मध्येच बास थांबला. ड्रम चालू. आणि कुणीतरी श्वास आत घेतला — गाण्याआधी घेतात तसा.

"सुई गेलीय गं," माझा लॅबमधला मित्र निनाद म्हणाला. "तू पत्रकं वाट, भुतं मी बघतो."

मोरी-साननी सुई बदलली. पुन्हा तेच. मग कपाटातली दुसरी, कधीच न वाजवलेली प्रत काढली. त्याच जागी बास थांबला... श्वास.

आई जागच्या हलल्या नाहीत. "तिसऱ्या कडव्याआधी," त्या म्हणाल्या. "घरी सराव करताना तिथेच घ्यायची ती. पण आता गात का नाही?"

निनादने सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

मी चिडून स्पीकरची जाळी काढली, तळवा टेकवला. म्हटलं, बघूच! बास थांबला. हाताखाली ड्रमचे ठोके तेवढे उरले... आणि मग हवा खेचली गेली. आत. माझा तळवा स्पीकरला चिकटला. सुटला तेव्हा ओला होता. चाखून बघायची हिंमत झाली नाही.

तबकड्या जमैकात छापलेल्या, एमीच्या जन्माआधीच्या. मग हे कसं? निनादने केबल तपासल्या, मीही डोकं फोडलं. अजून उत्तर नाही. कंपनीकडूनही नाही, आमच्या सह्यांना पोच तेवढी आली.

टोकियोत नोकरी करणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाकडे तो अल्बम असेल, तर कव्हरवरच्या गायकांच्या नावांखाली पेनाने 'एमी' लिहा. आणि सुट्टी टाकून त्या कंपनीच्या दारात उभे राहा. टेप हातात पडेपर्यंत हलू नका. तिची आई थांबलीय.