विंगेतला किल्लेदार

चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतरी भोरपासून वेल्ह्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

माझं भोरला फ्लेक्सचं दुकान आहे. फेब्रुवारी ते मे खोऱ्यातल्या यात्रांचे फलक आमच्याकडे होतात. कुठे तमाशा, कुठे भारूड, कुठे ऑर्केस्ट्रा, आणि अजून दोन-चार गावांत गावकऱ्यांनी स्वतः केलेलं नाटक. गुंजवण्याच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथलं नाटक त्यातलंच. 'शपथ सुटली, गड राखला' हे तीन अंकी ऐतिहासिक नाटक ती वाडी एकतीस वर्षं दर यात्रेला करते. दुसरं बसवायला वेळ नसतो आणि पहिलं अजून पाठ झालेलं नाही.

यंदा यात्रा कमिटीच्या चिमाजीअण्णांनी मला मोबाईलवर दोन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मोठा हिरोचा, बारका प्रॉम्प्टरचा. नावं टाकू नको, नावं टाकली की ऱ्हायलेलं रुसत्यात." कोणता कुणाचा, हे लिहायचं राहिलं, विचारायचं माझं राहिलं. एका फोटोत गॉगल, टी-शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि मागे मोटरसायकल. दुसऱ्या, जुन्या फोटोत फेटा, पिळदार मिशी आणि लांब कुठेतरी लागलेली नजर. ऐतिहासिक नाटकाचा नायक कोण, हे ठरवायला मला चहाचा एक घोट पुरला. फेटेवाल्याला मी वीस फुटी फलकावर उभा केला. मागे बुरूज, वर ढग, हातात इंटरनेटवरून उतरवलेली तलवार. फोटोच्या कडेला कुणाचा तरी पदर येत होता, तो पुसला. खाली लिहिलं, 'प्रमुख भूमिका : किल्लेदार'. गॉगलवाल्याला कोपऱ्यात बशीएवढ्या गोलात बसवला आणि खाली 'प्रॉम्प्टर' असं टाकलं.

तीन फलक लागले. एक भोरच्या स्टँडजवळ, एक नसरापूरच्या चौकात, एक वेल्ह्याच्या रस्त्याला. दुपारपर्यंत अण्णांचे अकरा मिस्ड कॉल.

गॉगलवाला होता सोमनाथ. वरवे बुद्रुककडे कंपनीत कामाला असतो आणि सहा वर्षं किल्लेदार करतो. त्याची सासुरवाडी सारोळ्याची. मेव्हण्याने जाता जाता फलकाचा फोटो काढला आणि त्याला पाठवून विचारलं, "दाजी, बढती कवा झाली?" सोमनाथने अण्णांना निरोप दिला, "ज्याचं तोंड मोठं छापलंय त्यानंच काम करावं. माजी सेकंड शिफ्ट हाय." यात्रेला नऊ दिवस उरले होते.

आणि फेटेवाला होता सोनबा.

सोनबानाना गेली एकतीस वर्षं त्या नाटकाचे प्रॉम्प्टर. पडद्याआड उभं राहून, वही हातात धरून, नटाला पुढचं वाक्य हळूच सांगणारा माणूस. धरणाच्या पाण्याच्या वर भाताची दोन खाचरं आणि एक म्हैस, एवढा त्यांचा संसार. सत्ताविसाव्या वर्षी ते नाटकात आले ते हुजऱ्याचं काम करायला. वाक्य एकच होतं, "जी सरकार." पण त्या दिवशी ठरलेल्या प्रॉम्प्टरला ताप भरला. तेव्हाच्या मंडळींत अडखळल्याशिवाय वाचणारे सोनबा एकटे. "आजच्या दिस हुबा ऱ्हा," असं म्हणून वही त्यांच्या हातात दिली. तो दिवस काही मावळला नाही. त्यांच्यासमोर सहा किल्लेदार झाले. कुणाचं पोट सुटलं, कुणी पुण्याला गेला, एक तर सरपंच झाला. नाना विंगेतच.

या कामाने त्यांचा आवाज कायमचा बसला. बसला म्हणजे आजार नाही, सवय. घरातही ते कुजबुजतच बोलतात. फुलाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात, "म्हशीला बी कानात सांगत्यात. ती बिचारी मान वाकडी करून ऐकती." दुसरी खोड याहून वाईट. समोरचा जरा थांबला की नाना त्याचं वाक्य पुरं करतात. ग्रामसभेत सरपंच "निधी आला की..." म्हणून थांबले, तर मागून हळूच, "कामाला सुरुवात करू." मुलीच्या बैठकीत तर व्याही "आमची काही अपेक्षा..." एवढंच बोलून घुटमळले आणि नानांनी "न्हाई" पुरवलं. व्याह्यांच्या मनात दुसरं काही होतं असं म्हणतात. पण दहा माणसांत तोंडात आलेलं वाक्य त्यांना गिळता येईना. लग्न साधेपणाने झालं.

मी नवे फलक फुकट छापायच्या तयारीत होतो, तेवढ्यात नाना आणि फुलाबाई दुकानाच्या पायरीशी उभे. स्टँडवर उतरून, फलक बघूनच आले होते. मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि शिव्यांची वाट पाहिली.

"काढनार व्हय त्यो?" नाना म्हणाले. मला पुढे झुकावं लागलं.

"काढतो नाना, उद्याच काढतो. चूक झाली, मी..."

"घाईत हुतो," त्यांनी माझं वाक्य पुरं केलं.

फुलाबाई भिंतीवरचे नमुने बघत म्हणाल्या, "लग्नातला फोटू हाय त्यो. शेजारी मी हुते. पदर कुणी पुसला?"

मी चहाकडे बघितलं.

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सोमनाथ न्हाई करायचा म्हंतोय. शेवटच्या अंकात किल्लेदाराचं एक वाक्य हाय. 'गड माझ्या नावावर नाही, पण माझ्या जिवावर आहे.' एकतीस वर्सं सांगतोय. सा जनांच्या तोंडून ऐकलं. एकदा आपन म्हणावं, आसं वाटतंय."

"मग अण्णांना सांगा की."

"हे कसलं सांगत्यात," फुलाबाई म्हणाल्या. "हे दुसऱ्याचं सांगत्यात. तुमीच सांगा. पाटी तुमी लावलीय."

मी अण्णांना फोन लावला. अण्णांनी हिशेब चटकन केला: फलक बदलायला नको, सोमनाथच्या पाया पडायला नको, आणि सगळं नाटक पाठ असलेला माणूस तालुक्यात एकच. "करू द्या सोनबाला," ते म्हणाले. "पर विंगेत कोन? चूक केली त्यानं भरावी. वही घेऊन तूच हुबा ऱ्हायचा, कुमार."

मला वाचता येतं, हा माझा गुन्हा.

तालमीला गेलो तेव्हा कळलं की तालीम नावाची गोष्ट फक्त सोनबानाना करतात. बाकीचे तंबाखू मळत म्हणायचे, "आमाला काय, सोनबा हाय." सोनबा यंदा तुमच्याबरोबर स्टेजवर असणार, असं सांगितलं की म्हणायचे, "मंग तर अजून जवळ." नानांनी मला वही दिली. पाठीवर चिकटपट्ट्यांचे चार थर, आत दोन अंक. तिसरा नव्हता.

"नाना, तिसरा अंक?"

"कवाच फाटला. हितं हाय," म्हणून त्यांनी कपाळाला बोट लावलं. "बसा, सांगतो. लिहून घ्या."

"उद्या बसू," मी म्हणालो. भोरला दोन तमाशांचे फलक अडले होते. दुसऱ्या दिवशी वही उघडून ते पुन्हा म्हणाले, "बसायचं का?" मी पुन्हा उद्यावर ढकललं. आठ दिवसांत आठ उद्या झाले. नाना एकदाही रागावले नाहीत. नवी कोरी वही मात्र त्यांनी स्वतः आणून माझ्याजवळ दिली.

यात्रेच्या दिवशी नाटक दुपारी चारला. लाऊडस्पीकरची परवानगी रात्री दहापर्यंत, आणि आमचं नाटक दहाला कुठे पहिल्या अंकात असतं, म्हणून कमिटीने यंदा उन्हातच उरकायचं ठरवलं. उन्हात मिशीचा डिंक चकाकतो. बुरुजाच्या पडद्यामागे बांधलेली शेळी दिसते. नानांनी अंगरखा चढवला, फेटा बांधला आणि आरशात बघितलं. आरशातले आणि फलकावरचे नाना यांच्यात पस्तीस वर्षं होती, पण नजर तीच, लांब कुठेतरी.

किल्लेदारीण करायला मोहिनीबाई पुण्याहून आल्या. एका हंगामात वीस गावांची वीस नाटकं करणारी बाई. पाठ करायचा प्रश्नच नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी एकच विचारलं, "प्रॉम्प्टर कुठल्या बाजूला?" मला दाखवलं. नवशिक्या ड्रायव्हरकडे एस्टीतला प्रवासी बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

दोन अंक मी कसेतरी ढकलले. एकदा दोन पानं एकदम उलटली आणि शत्रूचा वकील यायच्या आधीच परत गेला. प्रेक्षकांनी मनावर घेतलं नाही. एकतीस वर्षं बघतायत, मधलं त्यांना माहीत होतं.

तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. नाना सिंहासनावर, बरोबर लोंबत्या माइकच्या खाली. मोहिनीबाई धावत आल्या, कपाळाला हात लावला आणि माझ्या विंगेकडे वळल्या. मी त्यांना वहीचा पुठ्ठा दाखवला. तेवढंच उरलं होतं.

एक क्षण शेळीसुद्धा गप्प. मग सिंहासनावरून, ओठ न हलवता, सवयीने, "नाथ, वेढा आवळत चालला..."

आवाज विंगेतला. पण विंगेत माइक नसायचा, आणि आता माइक टाळूवर होता. ती कुजबुज चारी कर्ण्यांतून समोरच्या डोंगरापर्यंत गेली. मोहिनीबाई अनुभवी. त्यांनी हुंदका दिला आणि म्हटलं, "नाथ, वेढा आवळत चालला!"

"धीर धर," नाना स्वतःचं बोलले, आणि लगेच, धावत आलेल्या हेराकडे न बघता पुटपुटले, "सरकार, दारूगोळा संपला."

हेर म्हणाला, "सरकार, दारूगोळा संपला!"

"काय सांगतोस?" नानांनी दचकून विचारलं.

असं वीस मिनिटं चाललं. गडावरची प्रत्येक बातमी किल्लेदार आधी स्वतः सांगायचा, मग दुसरा कुणी येऊन त्याला सांगायचा, मग किल्लेदार दचकायचा. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "ह्याला समदं आधीच ठाव हाय, मंग गड पडतोय कसा?"

शेजारी म्हणाला, "फितुरी. दुसरं काय."

हसता हसता लोक पुढे सरकत गेले. मला विंगेतून दिसत होतं, नाना घामाने भिजले होते, पण चुकत नव्हते. सात माणसांचं नाटक एकटा माणूस ओढत होता, शिवाय स्वतःचं दचकणं सांभाळून.

मग ते आलं. किल्लेदार जखमी होऊन बुरुजाला टेकतो, हेर गुडघ्यावर बसतो, मोहिनीबाई पदर तोंडाला लावतात आणि सगळे थांबतात. आता पुढचं वाक्य किल्लेदाराचं.

नाना माझ्याकडे बघायला लागले.

मला आधी वाटलं, अभिनय आहे. मग त्यांचे डोळे बघितले. एकतीस वर्षं ते वाक्य त्यांनी दुसऱ्याला दिलं होतं. इथे थांबायचं, विंगेकडे बघायचं, तिकडून वाक्य येतं, हीच त्या जागेची त्यांना ठाऊक असलेली रीत. आता विंगेत मी होतो. आठ तालमींत ते वाक्य ऐकलेला, लिहून मात्र न घेतलेला. मी तोंड उघडलं. 'गड' एवढं आलं. बाकीचं हवेत.

मैदान थांबलं. कुणी शिट्टी मारली. अण्णा पडदा ओढणाऱ्याला खूण करायला लागले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला. मोठा नाही, चुलीपाशी बसून मीठ मागावं तसा. "गड माझ्या नावावर नाही..." फुलाबाई होत्या. तिथेच बसून, डोक्यावरचा पदर सारखा करत त्या शेजारणीला म्हणाल्या, "किती वर्सं ऐकतीय. झोपत बी म्हंत्यात."

बायका खदाखदा हसल्या. नाना हसले नाहीत. ते बुरुजापासून सरळ झाले, त्यांनी फुलाबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "गड माझ्या नावावर नाही. पण माझ्या जिवावर आहे."

आधीचे साही किल्लेदार हे वाक्य गर्जून म्हणायचे. नाना नेहमीच्याच आवाजात बोलले, म्हशीला सांगतात तसं. लोकांना ऐकायला गप्प व्हावं लागलं, आणि ते झाले.

पडदा पडल्यावर मतं पडली. कुणी म्हणालं, आवाज नाही. कुणी म्हणालं, दरसाल असं एकेक वाक्य दोनदा ऐकवलं तर नाटक निदान समजेल तरी. मोहिनीबाई गाडीत बसताना अण्णांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हे असले तरच मला बोलवा. कुठल्याही बाजूला असू देत, विंगेत नाहीतर सिंहासनावर." सोमनाथ गॉगल लावून गर्दीत होता, सेकंड शिफ्ट त्या दिवशी आड आली नव्हती. तो नानांपाशी आला, अंगरख्याची बाही चाचपली आणि म्हणाला, "पुढल्या साली मीच करनार. पर नाना, तुमी विंगंत पायजे."

"हाय की," नाना म्हणाले.

मी वही परत द्यायला गेलो. डिंकाने चिकटलेली मिशी सोडवत ते मला म्हणाले, "कुमार, एकतीस वर्सांत म्या कुनाचं वाक्य पडू दिलं न्हाई. मला एकदाच लागलं."

"चुकलं, नाना."

"चुकलं न्हाई. बाकी ऱ्हायलं. तिसरा अंक लिहून घ्या, म्हंजी फिटलं."

फुलाबाई मागून म्हणाल्या, "आन् पदर."

पुढच्या महिन्यात भोरला लोककलांचा महोत्सव आहे. वाडीला तिसऱ्या अंकापुरतं बोलावणं आलंय. त्याचा फलक माझ्याकडेच आहे. अण्णांनी या खेपेला फोटोवर बाण काढून नावं लिहून पाठवली आहेत, सोमनाथ मोठा, नाना बशीत. पदर परत आणायचा म्हणून मी तो लग्नाचा फोटो पुन्हा मागवून ठेवलाय. त्या दोघांना एका बशीत कसं बसवायचं, ते अजून जमलेलं नाही.

नानांचा दर दोन दिवसांनी फोन येतो. मी आवाज वाढवून कान लावतो. "बसायचं का?" ते विचारतात. कोरी वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. पहिल्या पानावर मी सुवाच्य अक्षरात 'अंक तिसरा' लिहून खाली रेघ मारून ठेवली आहे.

"उद्या..." मी म्हणतो.

"बसू," ते पुरं करतात.