आईंनी समुद्राला हाक मारली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग येतो, हे आधीच सांगते. सिंदी मेघेला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. पण गेल्या हिवाळ्यात तारकर्लीला जे झालं, ते लिहिल्याशिवाय चैन पडत नाही…

नवऱ्याला बस लागली म्हणून तो लॉजवर आडवा. डॉल्फिन बघायला निघालो मी, माझी सहा वर्षांची लेक सान्वी आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. नऊ वर्षांत आम्हा सासूसुनेचं एकाही गोष्टीवर पटलेलं नाही! होडीवाला म्हणाला, "वारा वाईट आहे, उद्या या." उद्या आमची परतीची गाडी — मीच हट्ट धरला.

तासभर नुसत्या लाटा. थोबाडीत मारावी तसं पाणी तोंडावर येत होतं. डॉल्फिन एकही नाही. सान्वी रडकुंडीला आली, तशा आई उठल्या. पवनारला आपल्या घरी संध्याकाळी म्हशीला बोलावतात, तशी लांबलचक हाक त्यांनी समुद्राला मारली — "ये वंऽऽ माय, येऽऽ!"

मी हसले. "आई, ते काय तुमचं ढोर आहे?"

आणि ते आलं. डॉल्फिन नव्हे — देवमासा. होडीहून मोठी काळी पाठ, वाऱ्याच्या उलट सरळ आमच्याकडे. होडीवाला किनाऱ्याकडे वळला की तो आडवा. पुन्हा वळला, पुन्हा आडवा! मग खालून असा धक्का दिला की सान्वी माझ्या हातून सुटून होडीच्या काठावर आपटली. पाण्यातून एक डोळा वर आला. तो तिच्यावरच खिळला होता.

"हाकला त्याला! तुम्हीच बोलावलंत!" मी आईंवर ओरडले.

"हाकेवर आलेल्या ढोराले रिकामं पाठवत नाई बापा." घरी हाकेवर आलेल्या म्हशीपुढे आई पेंडीच्या ढेपेचा तुकडा तरी टाकतातच. त्यांनी पिशवीतल्या पोळ्या टाकल्या. तो हलला नाही. मग आई सान्वीच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हे लेकरू नाई. मी येईन. पण आज नाई."

तो बुडाला. पुन्हा दिसला नाही. होडीवाल्याने सरळ किनारा गाठला.

योगायोग असेल. पण तेव्हापासून पवनारला त्या दिवसासारखा वारा सुटला की आई आंघोळ करतात, ठेवणीतलं लुगडं नेसतात आणि दारात बसतात. "कबूल केलं न मी," एवढंच म्हणतात.

मागच्या आठवड्यात दुपारी जोराचा वारा सुटला. मी हाफ डे टाकून बसने पवनारला गेले. आई दारातच होत्या. शेजारी बसून त्यांचा हात धरला.

"काऊन धरून राह्यली वं? सोड न."

"नाही सोडत, आई."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे अजूनही नाही. वारा पडेपर्यंत मी हात सोडला नाही.