बाणाऐवजी नारळ

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, तू एकटी दिवसभर करतेस तरी काय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रेंज गेली. तसं बरंच झालं. फोनवर मी "मजेत आहे" एवढंच म्हणाले असते आणि तुम्हाला वाटलं असतं, आजी खिडकीत बसून आपली वाट बघते. तशी बघतेच, पण शुक्रवारी मुळीच नाही. का, ते इथे नीट लिहिते. आई वाचून दाखवेल.

खाडीपलीकडे एक मराठी शाळा आहे. तिथल्या चौथीच्या मुलांना शुक्रवारी शेवटच्या तासाला मी गोष्ट सांगते, कधी रामायणातली, कधी महाभारतातली. निम्मी मुलं बंदरावरची, घरी होड्या असलेली. बाकीची वरच्या वाडीतली, भातशेती करणाऱ्या घरांतली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील मुंबईला असतात.

पहिल्या शुक्रवारी मी माझ्या पद्धतीने गेले. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे, डब्यांवर लेबलं आणि रुमालांच्या घड्या. मिशनच्या इंग्रजी शाळेने लावलेली ती सवय. गोष्टीचे भाग पाडले होते, शेवटी विचारायचे प्रश्नही तयार होते. मुलं हाताची घडी घालून बसली आणि जांभया देऊ लागली. एकजण म्हणाला, "आजी, ही आम्ही टीव्हीवर बघितली."

"मग तूच सांग पुढे काय झालं," मी वैतागून म्हटलं.

त्याने सांगितलं. दुसऱ्याने ते खोडून काढलं, तिसरी उठून भांडायला लागली, आणि वर्गातली झोप उडाली. तेव्हापासून मी गोष्ट अडचणीच्या जागेपर्यंत नेते आणि थांबते. पुढचं मुलांनी करायचं. ज्याला बोलायचं असेल त्याने त्या माणसाच्या जागी उभं राहायचं, एवढाच नियम.

आवाज अर्थातच फार व्हायचा. पावसाळा संपता संपता मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "आजी, राग मानू नका, पण मुलांना शिष्यवृत्तीला बसवायचंय. शेवटचा तास आता सरावाला लागणार." त्या घाटावरच्या, स्पष्ट बोलणाऱ्या, मनाच्या चांगल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात आणि टरकून असतात.

"एक शुक्रवार येऊन बसा," मी म्हटलं, "मग ठरवा."

त्या आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. त्या दिवशी सेतूची गोष्ट होती. राजपुत्र किनाऱ्यावर बसून समुद्राकडे वाट मागतो, समुद्र दाद देत नाही, शेवटी तो धनुष्य उचलतो. तिथे मी थांबले. वरच्या वाडीतला एक मुलगा फूटपट्टीचा बाण घेऊन पुढे आला. पण समुद्र कोण होणार? कुणी तयार होईना. तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, "मोठ्या बाई रिकाम्या आहेत."

मी त्या बाकाकडे बघून डोळे वटारले. मोठ्या बाई मात्र उठल्या, फळ्यापुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "न्हाई देत वाट! काय करशील?"

"अरे, दर्या घाटावरनं आलाय!" वर्ग खदखदून हसला. मोठ्या बाईही हसल्या. राजपुत्राने फूटपट्टी रोखली.

"ठेव ती खाली!" बंदरावरची एक मुलगी ताडकन उठून त्याच्या आणि मोठ्या बाईंच्या मधे उभी राहिली. "दर्यावर बाण धरतात काय?"

"गोष्टीतच आहे गो तसं. आजीनेच सांगितलं."

"असू दे गोष्टीत. माझा बापूस पहाटे त्याच्याच अंगावरनं जायचाय. दर्या रागावला तर तू आणणार काय त्याला परत?"

हसणं थांबलं. पुढचा भाग मला पाठ होता, तो मी गिळला आणि विचारलं, "मग काय करायचं?"

"नारळ देऊन मागायचं. आम्ही नारळी पौर्णिमेला देतो तसं."

नारळ आणायचा कुठून? मी पर्समधला स्टीलचा गोल डबा काढून दिला. "आजी, नारळावर बडीशेप लिहिलंय!" कोणीतरी ओरडलं. पण राजपुत्र आता हसत नव्हता. त्याने फूटपट्टी खाली ठेवली, दोन्ही हातांनी डबा पुढे केला आणि म्हणाला, "दर्या, चुकलं. पलीकडे जायचंय. वाट दे."

मोठ्या बाईंनी दोन्ही हातांनी डबा घेतला. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मग म्हणाल्या, "देते. पण माझ्यात दगड टाकणार तर हिच्या बाबाची होडी कुठनं जायची? मधी जागा ठेवा."

त्यानंतर जो गलका झाला तो काय सांगू! दप्तरांचा सेतू झाला, मधे होडीपुरती वाट ठेवून. वानर त्या वाटेवरून उड्या मारत होते. शाळा सुटल्याची घंटा झाली. एरवी घंटेसरशी वर्ग रिकामा होतो. त्या दिवशी कोणी हललं नाही. दोघं-तिघं दाराकडे बघायला लागले तर मोठ्या बाईच म्हणाल्या, "थांबा रे, लंका यायचीय अजून!"

नंतर ऑफिसात त्यांनी चहा मागवला. "सराव सकाळी घेते, परिपाठाच्या आधी," त्या म्हणाल्या, आणि कप हातात घेताना हळूच, "पुढल्या शुक्रवारी मला कोण व्हायचंय?" मी रिक्षाने घरी आले ती पुलावर मोठमोठ्याने गात आले. रिक्षावाल्याने वळून पाहिलं. बघू दे.

पुढच्या शुक्रवारी त्या मुलीने घरून खरा नारळ आणला. "आजी, बडीशेप नको आता," म्हणाली. त्या नारळातलं पाणी कधीच आटलं, हलवला की आत खोबरं वाजतं. पण तो वर्गाच्या कपाटावर अजून आहे, आणि शुक्रवारचा शेवटचा तास अजून गोष्टीचाच आहे.