दीर्घिकांच्या मधली जागा

एम.एस्सी.नंतर संशोधनासाठी आमच्या विभागात एकच जागा होती आणि ती मला हवी होती. ती कुणाला द्यायची, ते सेमिनारवर ठरणार होतं. विलायतेच्या एका मासिकात नुकतंच छापून आलं होतं, की दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांच्या, एका प्रचंड पुंजातून अंधूक, पसरट रेडिओ लहरी येतात आणि त्या कुठल्याच एका दीर्घिकेच्या नाहीत. मी तोच विषय घेतला. जागा ज्यांच्या हातात होती, त्या आमच्या सरांना तो मुळीच पटला नव्हता. "दुर्बिणीला बारीक दिसत नाही, म्हणून सगळं एकात मिसळतं," असं म्हणून ते मोकळे झाले होते.

लालबागच्या चाळीत मी आठवडाभर गॅलरीत तालीम केली. ऐकायला वडील आणि गिरणीतले त्यांचे दोन सोबती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घोषणा देऊन घसा बसलेली ही मंडळी माझं मात्र निमूट ऐकत. अर्थात मराठीत. मी इंग्रजीत बोलले असते तर ती उठून गेली असती.

सेमिनारला मद्रासहून एक पाहुणे परीक्षक आले होते. पाठ केलेलं इंग्रजी भाषण पार पडलं. मग सरांनी तोच आक्षेप काढला. उत्तर येत होतं, इंग्रजी सुचत नव्हतं. स्वतःचाच इतका राग आला, की तोंडातून निघून गेलं, "सर, मराठीत सांगू का? पाहुण्यांना तुम्ही इंग्रजीत सांगा."

शेजारच्याने पाहुण्यांना अर्थ सांगितला, तसा त्यांनी हसून होकार दिला. सरांचा इलाज खुंटला.

मी वडिलांच्या गिरणीचंच उदाहरण दिलं. "कापूस पिंजताना बारीक तंतू उडतात. आत गेलेला कापूस आणि बाहेर आलेला माल, वजन जुळत नाही. उरलेलं यंत्रांच्या मधल्या हवेत असतं. इथेही तसंच. एका प्रकारच्या दुर्बिणीला फक्त ठळक ठिपके, म्हणजे एकेक दीर्घिका दिसतात, दुसरीला सगळं मिळून. ठिपके वजा केले तरी बरंच उरतं. ते दीर्घिकांच्या मधलं."

सर आधी कोरडेपणाने पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होते. तिसऱ्या वाक्याला थांबले, फळ्याकडे गेले आणि स्वतःच आकृती काढू लागले.

"मधे न दिसणाऱ्या लहान दीर्घिका असतील," पाहुणे इंग्रजीत म्हणाले.

मी तोंड उघडेपर्यंत सर वळलेही होते. त्या दीर्घिकांची बेरीज का पुरणार नाही, हे त्यांनी पाहुण्यांना असं काही सुनावलं, की मला पुन्हा बोलावंच लागलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. जागा माझी झाली, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. सरांना तेवढं अजून कळायचं होतं.