पाणमोट फुटली ती खाचरात

पोशीरला आमच्यात भाताची आवणी सावडीनं व्हायची. आज शेजारच्या बाया आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. सावडीतनं एक बाई गळली की कुणाचं तरी भात मागं राहायचं, म्हणून पोटुशी बाईसुद्धा वाकलेलीच. मला आठवा सरत आला होता. पहिलटकरीण मी.

रोपं लावता लावता मांड्यांवरनं कोमट काहीतरी ओघळलं. मी उभी राहिले नि सासूला म्हटलं, "पाणी जातंय वाटतं." तिनं मानही वर केली नाही.

"आवणीत कोरडं कोन हाय गं? मी हाय का?"

सगळ्या हसल्या. राग आला मला, पण तोंडात मिठाची गुळणी धरली. कळा नव्हत्या, दुखत नव्हतं, तेव्हा मलाही तिचंच खरं वाटलं. पुढंही पाणी येत राहिलं, आणि आम्ही रोज भिजतच होतो.

मग एका सकाळी मला हुडहुडी भरली. लुगड्याला वास यायला लागला. सुईण आली, पोट चाचपलं, विचारलं, "पानमोट कवा फुटली?" सासू माझ्याकडे बघायला लागली, मी सासूकडे. सुईण खवळली. "पोर कोरडं पडलंय, आन् तुमी आवणी करताय व्हय गं?"

संध्याकाळी मुलगा झाला. एवढासा. अंग तापलेलं, मग एकदम गार, आणि दर श्वासाला कण्हायचा. जाताना सुईण म्हणाली, "दूध ओढलं तर जगंल." कर्जतच्या डॉक्टरकडे न्यायचं तर ओढे तुडुंब, वाट बंद.

तो ओढेना. मला दूध आलं, तरी तो नुसता तोंड लावून पडून राहायचा. मग मी पिळून द्यायची आणि सासू बोळ्यानं त्याच्या ओठांवर सोडायची. "घे रं माज्या राजा, येक घोट घे." गालातनं सगळं बाहेर यायचं. एकदा गिळल्यासारखं वाटलं तर दोघी केवढ्यानं ओरडलो!

पाचवी पुजायच्या आधीच, एका दुपारी त्याचं कण्हणं थांबलं. आम्हाला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं आम्हाला.

मालकांनी त्याला फडक्यात गुंडाळून नेलं. सासू धाय मोकलून रडली. मला रडू आलं नाही. तिचा रागही आला नाही. काहीच आलं नाही. पुढ्यात आलेला भात जेवले, मीठ कमी होतं तेवढं कळलं.

दूध मात्र थांबेना, चोळी भिजायला लागली. सासूनं वाटी आणून दिली. "पिळून टाक गं, गाठी व्हतील."

वाटी भरली. "कुठं ओतू?" मी विचारलं.

तिनं दाराकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. मग वाटी माझ्या हातातनं घेतली नि तशीच धरून बसली.